चावरं कुत्रं की जागतं कुत्रं?

(जिल्हा बैठकीत आमच्या गावच्या शाखेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत कापसाच्या भावावरची चर्चा संपली आणि मंडळी उठता उठता मोताळ्याकडच्या एका तरुण भावाने प्रश्न टाकला. राखणीची कुत्री शिकवून देणारा माणूस शहरात आहे, तर गावागावाने वर्गणी काढून चार-आठ कुत्री शिकवून घ्यावीत का? काही जण हसले. काही जणांनी तिथेच नावं लिहून द्यायची तयारी दाखवली. वाद वाढला, बस निघायची वेळ झाली आणि विषय तसाच राहिला. त्यावर बोलायचं काम आमच्या शाखेकडे आलं, कारण असा प्रयोग आमच्या गावात होऊन चुकला आहे. त्यात आम्ही शहाणे ठरलो म्हणून नव्हे, चुकलो म्हणून बोलायला उभे आहोत.

हसण्यासारखा विषय हा नाही. ज्वारी हुरड्यात आली की आपल्या जिल्ह्यातल्या हजारो घरांतला एक माणूस रात्री घरी झोपत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत ज्वारीचं वावर लोळवून जातो. रोही कपाशीचे शेंडे खातात, तुरीचा फुलोरा खातात. खाण्यापेक्षा तुडवतात जास्त. विहिरीवरची मोटार आणि केबल जाते ती वेगळी. मग माळ्यावर गोधडी घेऊन बसायचं, डबा वाजवायचा, फटाका लावायचा आणि दिवस उगवला की पुन्हा कामाला लागायचं. या रात्रीची मजुरी कोणी देत नाही. घरातलाच माणूस म्हणून घरातही कोणी ती मोजत नाही. तेव्हा आपल्या जागी कुत्रं जागेल का, हा प्रश्न आळशी माणसाचा नाही. तो थकलेल्या माणसाचा आहे.

आमच्या गावात काय झालं

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका पोराने दोन क्विंटल कापसाचे पैसे मोजले आणि आपला धिप्पाड कुत्रा तीन आठवडे शिकवायला ठेवला. कुत्रा परत आला त्या संध्याकाळी सारं गाव जमलं. शिकवणाऱ्या माणसाने हाताला जाड पोत्याची बाही बांधली आणि काठी उगारली. कुत्रा बाणासारखा गेला आणि बाहीला लोंबकळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. ते आधीच कबूल करतो.

दुसऱ्या वेचणीला बाया आल्या. त्यांच्यातल्या एकीचं सहा वर्षांचं पोर कोठ्याजवळच्या रांजणातून पाणी आणायला गेलं. येताना आईला हाक मारत, हात हलवत पळालं. कुत्र्याला पळणारं माणूस आणि वर उचललेला हात दिसला. तीन आठवडे त्याला हेच तर दाखवलं होतं. त्याने खुंटा उपटला आणि पोराचा दंड धरला. मालक ‘सोड, सोड’ म्हणून ओरडत होता, पण कुत्रं सोडेना. ‘सोड’ हा शब्द ते ज्याच्या तोंडून शिकलं होतं, तो माणूस शहरात होता.

पोर वाचलं. टाके पडले, लशीची सगळी इंजेक्शनं झाली. हात मात्र अजून पुरता वर जात नाही. दुसऱ्या दिवसापासून बाया त्या वावरात गेल्या नाहीत, आणि धुऱ्याला धुरा लागून असलेल्या चार वावरांतही गेल्या नाहीत. फुटलेला कापूस बोंडात लोंबत राहिला आणि अवकाळी पावसात भिजला. डुकरांनी जेवढं खाल्लं नसतं तेवढं राखणदाराने घालवलं. ते कुत्रं आज साखळीला आहे. त्याला सोडता येत नाही, कोणाला देता येत नाही, आणि मारायला मन होत नाही.

ही विद्या काय आहे

यानंतर आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे शिकवणारा कच्चा होता, विद्या खरी आहे. दुसरा म्हणे विद्याच खोटी. म्हणून आम्ही ती समजून घेतली. जे कळलं ते सांगतो.

कुत्र्याला माणसावर धावून जायला शिकवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली बाहीची. ही जर्मनीतून आली. माक्स फॉन स्टेफानित्स या माणसाने 1899 मध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांची संस्था काढली. पुढे त्या संस्थेने कुत्र्यांची परीक्षा सुरू केली. तिला शुट्झहुंड म्हणतात, म्हणजे राखणीचं कुत्रं. तिचे तीन भाग: माग काढणं, हुकूम पाळणं आणि संरक्षण. मूळ हेतू घरोघर चावरी कुत्री तयार करण्याचा नव्हता. कोणत्या कुत्र्याची पैदास करावी हे पारखण्यासाठी ती परीक्षा होती. आपण वळू पारखतो तसं. या रीतीत कुत्र्याला बाही म्हणजे शिकार वाटते. ओढाओढीचा खेळ चालतो आणि जिंकलं की बाही त्याला मिळते. हुकूम होताच सोडणं हा परीक्षेचा तेवढाच मोठा भाग आहे.

दुसरी रीत चिडवण्याची. कुत्र्याला खुंट्याला बांधतात. अनोळखी माणूस दबकत येतो, डोळ्याला डोळा लावतो, काठी आपटतो. त्याच्या हाताला बाही नसते. कुत्रं घाबरून भुंकतं, झेप घेतं. झेप घेताच तो माणूस भ्याल्याचं सोंग करून पळतो. असं रोज करतात. कुत्र्याच्या मनात पक्कं बसतं की आपण झेप घेतली की माणूस पळतो. शिकवणारे त्याला हिंमत म्हणतात. आम्ही त्याला संशय म्हणतो.

या दोन रीतींच्या लोकांत जगभर वाद आहे. चिडवणारे म्हणतात, बाहीचं कुत्रं बाही नसलेल्या चोरापुढे शेपटी हलवील. बाहीवाले म्हणतात, चिडवलेल्या कुत्र्याला चोर आणि पाहुणा यातला फरक कळत नाही. आम्हाला विचाराल तर दोघे एकमेकांबद्दल जे बोलतात ते खरं आहे. आमच्या गावचं कुत्रं दोन्ही रीती अर्ध्याअर्ध्या शिकून आलं होतं, म्हणून दोन्हींचे दोष त्याच्यात आले.

काही शिकवणारे गळ्यात विजेचा पट्टा घालतात आणि बटण दाबून झटका देतात. जर्मनीत, जिथे ही विद्या वाढली तिथेच, 2006 मध्ये वरच्या न्यायालयाने असे पट्टे वापरणं प्राणीरक्षणाच्या कायद्याविरुद्ध ठरवलं. वेल्समध्ये 2010 पासून बंदी आहे. वेदना झाली त्या घडीला समोर जो असेल त्याच्याशी कुत्रं ती वेदना जोडतं. समोर आपलं पोर असेल तर काय, याचा विचार प्रत्येक बापाने करावा.

ज्यांना कुत्रं पाहिजे त्यांचं म्हणणं

दुसऱ्या बाजूचं म्हणणं आम्ही टाकून देत नाही. वस्ती गावापासून लांब असते, घरात बाई एकटी असते, कापसाची गंजी घरात पडलेली असते आणि फोन केला तरी माणूस यायला तास लागतो. पोलिसांची कुत्री चावायला शिकतात, मग आमची का नको, असं ते विचारतात.

प्रश्न रास्त आहे. उत्तर पोलिसांच्याच पद्धतीत आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र 1970 पासून आहे. तिथे कुत्रं एकटं शिकत नाही. कुत्रं आणि त्याचा सांभाळणारा जवान यांची जोडी महिनोन्‌महिने एकत्र शिकते आणि नंतरही सराव चालूच राहतो. तिथे कुत्रं हे हत्यार आहे, आणि हत्यार धरणारा हातही तितकाच शिकवलेला असतो. आपल्याकडे हत्यार शिकून येतं आणि हात कोराच राहतो. पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी यांतून रोज तासभर सराव घ्यायला कोणाला सवड आहे? ज्याला असेल त्याने खुशाल करावं. संघटना म्हणून गावाला शिफारस करायची असेल तर ती साधारण शेतकऱ्याला झेपेल अशीच केली पाहिजे.

संगतीची राखण

मग कुत्रं राखण करतच नाही का? करतं. धनगराच्या वाड्यावर जाऊन पाहा. मेंढरांत झोपलेल्या त्या कुत्र्यांना कोणी बाही बांधून शिकवलेलं नाही. ती मेंढरांतच वाढलेली असतात. लांडगा आला की कळप आणि लांडगा यांच्या मध्ये उभी राहतात आणि वाडा जागा करतात.

ही गोष्ट शास्त्रानेही तपासली आहे. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी 1965 मध्ये पुस्तक लिहिलं. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचं असताना ज्यांच्या सहवासात राहतं त्यांना आपलं मानतं, असं त्यांनी दाखवलं. हा काळ गेला की ती गाठ तशी बसत नाही. पुढे 1970 नंतरच्या दशकात हॅम्पशायर कॉलेजच्या रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या नवराबायकोने इटली, तुर्कस्तान आणि युगोस्लाव्हियातून मेंढ्या राखणारी कुत्री आणली, शेतकऱ्यांना वाटली आणि वर्षानुवर्षं त्यांची नोंद ठेवली. चांगल्या कुत्र्यात त्यांनी तीन गुण पाहिले. ते जनावराला इजा करत नाही, जनावराजवळून हलत नाही, आणि काही वेगळं घडलं की मध्ये पडतं. तिन्हींत चावणं कुठे नाही. लांडगा आला तरी बहुतेक वेळा भुंकून आणि आडवं येऊनच काम होतं, कारण शिकार करणाऱ्याला गुपचूप काम उरकायचं असतं. आफ्रिकेत नामिबियामध्ये 1994 पासून चित्ता संरक्षणाची एक संस्था शेतकऱ्यांना अशी कुत्री देते, म्हणजे शेळ्याही वाचतात आणि चित्त्याला गोळी घालायची पाळीही येत नाही.

कोणी म्हणेल, ती विलायती जात, आपल्या गावठी कुत्र्याचं काय? अमेरिकेतले नवाहो हे आदिवासी मेंढपाळ आहेत. त्यांची कुत्री कोणत्याही नावाच्या जातीची नाहीत, गावठी मिसळीची आहेत. 1980 नंतर संशोधकांनी ती पाहिली, तर पिल्लूपणापासून मेंढरांत वाढवलेली ही कुत्री चांगली राखण करताना आढळली. आपले म्हातारे हे आधीच सांगून गेलेत: ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. महागडं पिल्लू विकायला कोणी आलं तर ही म्हण आठवावी.

पण वावराचं काय?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, नाही तर आम्हीही त्या शिकवणाऱ्यासारखे ठरू. कुत्रं वावर राखत नाही. पाच एकर ज्वारी ही कुत्र्याच्या लेखी कोणी नाही. ते राखतं संगतीतल्या जिवांना आणि त्यांच्या बसण्याच्या जागेला. म्हणून एकटं कुत्रं धुऱ्यावर बांधून घरी झोपलात तर ज्वारी जाईल आणि कुत्रंही जाईल. कुत्र्याचा खरा उपयोग जागलकऱ्यासोबत आहे. डुकराची चाहूल आपल्याआधी त्याला लागते. रात्रभर डोळे फाडून बसण्याऐवजी माणूस डुलकी घेऊ शकतो, आणि कुत्रं भुंकलं की बॅटरी आणि डबा घेऊन उठू शकतो. जागल संपत नाही, हलकी होते. एवढंच वचन आम्ही देतो.

ज्ञानगंगेच्या बाजूच्या भावांना तर आणखी जपायचं आहे. 205 चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य 1997 चं. बिबट्या आणि अस्वल तिथले कायमचेच. यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघसुद्धा हजारावर किलोमीटर चालून 2019 च्या अखेरीस तिथे आला होता. बिबट्याला कुत्रं आवडतं. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात संशोधकांनी बिबट्याची विष्ठा तपासली. त्याच्या खाण्यात वजनाने सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याचं वाढून ठेवलेलं ताट. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात तो यासाठीच. आणि अस्वलावर छू करून पाठवलेलं कुत्रं भ्यालं की धन्याच्याच पायाशी पळत येतं, मागोमाग अस्वलाला घेऊन.

कायदाही ऐकून ठेवा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पाठलाग करणं आणि हाकणं हेही शिकारीतच धरलं आहे. डुकरावर कुत्री सोडणं अंगाशी येऊ शकतं. पीक नासवणाऱ्या रोही आणि रानडुकरांबाबत शासनाने 2015 मध्ये परवानगीची वाट काढली, पण ती रीतसर अर्जाची वाट आहे, कुत्री सोडण्याची मोकळीक नाही. आपलं कुत्रं माणसाला चावू नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि 1960 च्या प्राणीक्लेश कायद्यात कुत्र्याला आखूड साखळीला सतत बांधून ठेवणं, त्याला फिरवून न आणणं हाही गुन्हा आहे. साखळीला बांधून चिडवण्याची शाळा कायद्याच्या किती जवळून जाते ते बघा.

आमच्या गावाने काय ठरवलं

पहिलं, माणसावर चिडवून कुत्रं शिकवायचं नाही आणि त्यासाठी वर्गणी काढायची नाही.

दुसरं, शांत स्वभावाच्या गावठी कुत्रीचं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू घ्यायचं आणि थेट कोठ्यात, शेळ्या-वासरांत ठेवायचं. खाणं तिथेच, झोपणं तिथेच. पोरांनी रोज हात लावावा, पण उचलून घरात नेऊ नये. शेळीचा कान चघळला, करडामागे पळालं तर तिथल्या तिथे रोखायचं, बडवायचं नाही. वर्ष-दीड वर्षं धीर धरायचा. ‘ये’ आणि ‘थांब’ हे दोन शब्द घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून पाळायला लावायचे, बाईच्या आणि म्हाताऱ्याच्याही.

तिसरं, पिल्लू असतानाच वेचणीच्या बाया, शेजारी, दूधवाला, पाहुणे यांच्यात त्याला फिरवायचं. ज्याने माणसं पाहिली आहेत त्यालाच वेगळं माणूस ओळखू येतं. वेचणीच्या दिवसांत कुत्रं बायांपासून दूर ठेवायचं आणि कुत्रं कुठे आहे ते त्यांना आधी सांगायचं.

चौथं, तीन महिन्यांचं झालं की पिसाळीची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, मग दरवर्षी. कोणाला चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. पिसाळीची लक्षणं दिसल्यावर उपाय उरत नाही, म्हणून उद्यावर टाकायचं नाही.

पाचवं, त्या पोराच्या हाताचा खर्च मालकाने आणि गावाने मिळून उचलायचा. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या होत्या.

भावांनो, राखणीची ही सगळी धावपळ आपल्याला का करावी लागते तेही विसरू नका. जंगली जनावर सरकारचं, वावर आपलं आणि रात्र फुकटची, असा हा हिशेब आहे. नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पुरी मागायची ती मागणी सोडायची नाही. पण सरकारने रात्र मोजली नाही म्हणून आपण आपला राग कुत्र्याच्या दातांत भरला, तर ते दात मंत्र्याला लागत नाहीत. ते वेचणीला आलेल्या बाईच्या लेकराला लागतात.

ती बाई यंदा पुन्हा वेचणीला आली. धुऱ्यावर उभी राहून तिने मजुरीचं बोलण्याआधी विचारलं, “कुत्रं कुठं हाय?” गावातल्या प्रत्येक वावराला या प्रश्नाचं सरळ उत्तर देता यावं, एवढ्यासाठी हा ठराव आम्ही बैठकीपुढे ठेवतो. ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी उठून बोलावं. आम्ही ऐकायला बसलो आहोत.